कुत्र्यांचे केशकर्तन व केशनिगा

कुत्र्याच्या अंगावरील केस नियमितपणे विंचरणे, धुणे, वाळविणे व योग्य लांबीवर कापणे आणि त्याच वेळी त्याची त्वचा, कान, डोळे, नखे व पंजे तपासून स्वच्छ ठेवणे, या सर्व क्रियांचा समावेश केशनिगेत होतो. आखूड केसांच्या कुत्र्यांच्या बाबतीत ही निगा मुख्यतः स्वच्छतेपुरती असते. पूडल, बिशाँ फ्रीझे यांसारख्या लहान व कुरळ केसांच्या जातींमध्ये मात्र ती प्राण्याच्या आरोग्याची अट ठरते. कारण त्यांचे केस आपोआप पुरेसे गळत नाहीत, सतत वाढत राहतात व न विंचरल्यास एकमेकांत गुंतून त्यांची जट बनते. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे अशा कुत्र्यांच्या केशनिगेचे विवेचन केले असून महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्याच्या कोरड्या पठारी प्रदेशातील, परिस्थितीचा त्यात विचार केला आहे.

केसांची रचना व वाढ : कुत्र्याचा केस केराटीन या प्रथिनाचा बनलेला असून तो त्वचेतील केशपुटकातून वाढतो. माणसात बहुधा एका रंध्रातून एक वा दोन-तीन केस बाहेर पडतात. कुत्र्यात एकाच रंध्रातून एक राठ मुख्य केस व त्याच्याभोवती अनेक मऊ केस असा झुबका बाहेर येतो. प्रत्येक केशपुटक वाढीची अवस्था, संक्रमणावस्था व विश्रांतीची अवस्था या चक्रातून जात असते. विश्रांतीच्या अवस्थेनंतर जुना केस गळतो व नवा उगवतो. उत्तरेकडील थंड प्रदेशातील जातींत बहुतेक केशपुटके दीर्घकाळ विश्रांतीच्या अवस्थेत असतात व ऋतुमानानुसार त्यांचे केस मोठ्या प्रमाणावर गळतात. पूडलमध्ये याउलट बहुतेक केशपुटके वाढीच्या अवस्थेत असतात. शिवाय जे थोडे केस सुटतात, तेही कुरळ्या केसांच्या वेटोळ्यात अडकून राहतात. असे कुत्रे ‘केस गाळीत नाही’ असे म्हटले जाते ते यामुळेच. परंतु घरातील गालिच्यावर न पडलेला हा केस त्याच्या अंगावरच साठत असतो, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

कुत्र्यांच्या केसांतील वैविध्य प्रामुख्याने तीन जनुकांमुळे निर्माण होते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. यांपैकी एक जनुक केसांची लांबी, दुसरे कुरळेपणा व तिसरे भुवया, मिशा आणि दाढी यांची वाढ ठरविते. बिशाँ फ्रीझेसारख्या जातीत या तिन्ही जनुकांची बदललेली रूपे एकत्र आलेली आहेत. लांडग्यात व आखूड केसांच्या जातींत ती आढळत नाहीत. तेव्हा अखंड वाढणारे कुरळ केस हे मानवाने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचे फळ आहे. या निवडीबरोबरच ते केस कापण्याची जबाबदारीही मानवाकडे आली.

निगेच्या दृष्टीने त्वचेची काही वैशिष्ट्ये महत्त्वाची आहेत. कुत्र्याची बाह्यत्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असते. माणसाची त्वचा किंचित अम्लीय, तर कुत्र्याची उदासीनतेच्या जवळची असते. म्हणून माणसाच्या वापराचे साबण व शाम्पू तिला मानवत नाहीत. माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम येऊन कुत्र्याचे शरीर थंड होत नाही. ते काम मुख्यतः धापा टाकण्याने होते व घामाचा उपयोग पंजांच्या गादीपुरताच असतो.

प्रमुख जाती : कुरळ केसांच्या कुत्र्यांत पूडल ही जात सर्वांत प्रसिद्ध आहे. पाण्यात पडलेले पक्षी उचलून आणणारा शिकारी कुत्रा म्हणून ती प्रथम पुढे आली. तिचे नाव पाण्यात डुबकणे वा पाणी उडविणे या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आले असून फ्रेंच भाषेतील ‘कानीश’ हे नाव बदकाशी संबंधित आहे. अमेरिकी मानकानुसार खांद्यापाशी सु. २५ सेंमी.पर्यंत उंचीच्या पूडलला टॉय, त्याहून उंच व सु. ३८ सेंमी.पर्यंतच्या पूडलला मिनिएचर आणि त्यापुढील कुत्र्याला स्टँडर्ड म्हणतात. बिशाँ फ्रीझे ही पांढऱ्या शुभ्र, पिंजलेल्या कापसासारख्या केसांची जात सु. २५ ते ३० सेंमी. उंच असते, तिचे मानक फ्रान्समध्ये १९३३ साली स्वीकारण्यात आले. इटलीतील बोलोन्येझे व क्यूबातील हाव्हानीझ या जाती तिच्या जवळच्या आहेत. ल्हासा अप्सो व शिह त्सू यांचे केस कुरळे नसले, तरी लांब व सतत वाढणारे असल्यामुळे त्यांनाही जवळजवळ हीच निगा लागते. अलीकडे पूडलचा इतर जातींशी संकर करून अनेक संकरित कुत्री तयार केली जातात. त्यांच्या केसांचे स्वरूप पिलागणिक बदलते आणि कित्येकांत दाट मऊ लव व कुरळे केस एकत्र आल्याने जट होण्याची प्रवृत्ती शुद्ध पूडलपेक्षाही अधिक असते.

महाराष्ट्रातील मूळ कुत्री या गटात मोडत नाहीत. कारवान हाउंडचे केस आखूड व अंगासरशी असतात. त्याचाच पश्मी म्हणून ओळखला जाणारा प्रकार कान, शेपूट व पाय यांवर रेशमी झालर बाळगतो, परंतु त्याला कातरावे लागत नाही. त्यामुळे कुत्र्याचे केस कापण्याची परंपरा येथे नव्हती. ती परदेशी जातींबरोबर प्रथम मुंबई-पुण्यात व नंतर जिल्ह्याच्या शहरांत आली.

इतिहास : पूडलच्या विशिष्ट कातरीचा उगम त्याच्या पाण्यातील कामात असल्याचे मानले जाते. भिजलेल्या दाट केसांचे वजन पोहताना अडथळा करीत असल्याने कमरेकडील व पायांवरील केस काढीत. छातीचा भाग व सांधे थंडीपासून झाकलेले राहावेत म्हणून तेथील केस ठेवीत. पुढे हा कुत्रा सरदार-दरकदारांच्या दिवाणखान्यात आला, तेव्हा या उपयुक्त कातरीला शोभेचे रूप मिळाले. अठराव्या शतकात पॅरिसमधील पाँ नफ या पुलावर कुत्र्यांचे केस कापणारे कारागीर बसत. विजेवर चालणारी कातरयंत्रे प्रचारात आल्यावर विसाव्या शतकात या कामाचा स्वतंत्र व्यवसाय झाला.

महाराष्ट्रातील वाचकास याला समांतर असे उदाहरण धनगरांच्या मेंढ्यांचे आहे. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते; ती वर्षातून दोनदा कातरली जाते व तिच्यापासून घोंगड्या विणतात. कातरणीपूर्वी मेंढ्या नदी-ओढ्यावर धुण्याची पद्धत आहे. मेंढीला घट्ट धरून, पण दुखापत न करता, कातडी ताणून धरीत कातर चालविण्याचे धनगराचे कौशल्य आणि कुत्र्याच्या केशकर्तनकाराचे कौशल्य यांचे मूळ एकच आहे. फरक इतकाच, की मेंढीची लोकर कातरण्याने पदरात काही पडते आणि म्हणून कातरणीची वेळ कोणी चुकवीत नाही. कुत्र्याच्या केसांना मोल नसल्याने त्याची कातरणी लांबणीवर पडते.

जट व तिचे परिणाम : मोकळे झालेले केस, धूळ, ओलावा व घर्षण यांमुळे प्रथम लहान गाठी होतात. त्या कानांच्या मागे, काखेत, जांघेत, गळपट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी व बोटांच्या मध्ये आधी दिसतात. दुर्लक्ष झाल्यास गाठी एकमेकींस जोडल्या जाऊन नमद्यासारखा सलग थर तयार होतो. वरून केस फुललेले व नीटनेटके दिसत असतानाही त्वचेलगत असा थर असू शकतो. केवळ वरवर ब्रश फिरविणाऱ्या घरांत हे नेहमी आढळते.

जट ही केवळ दिसण्यातील उणीव नव्हे. कुत्रे हालचाल करते तेव्हा जट त्वचेला सतत ओढते व वेदना देते. तिच्याखाली हवा खेळत नाही, ओलावा टिकून राहतो आणि जंतू व कवक यांच्या वाढीस वाव मिळतो. गोचिडी, पिसवा, जखमा व माश्यांची अंडी तिच्याखाली दिसून येत नाहीत. गुदद्वाराजवळील जटेत मळ अडकून मलविसर्जनास अडथळा होतो. पायाभोवती घट्ट बसलेली जट रक्ताभिसरणही रोखू शकते. असे कुत्रे स्पर्श टाळते, गुरगुरते, प्रसंगी चावते आणि त्याला ‘तापट’ ठरविले जाते. वास्तविक अनेकदा तो स्वभावाचा दोष नसून दुखण्याची तक्रार असते.

साधने : घरगुती निगेसाठी बारीक वाकड्या तारांचा ब्रश, एका बाजूस विरळ व दुसऱ्या बाजूस दाट दाते असलेली पोलादी फणी, बोथट टोकांची कात्री, नखे कापण्याची कात्री आणि कुत्र्यांसाठी बनविलेला शाम्पू एवढी सामग्री पुरते. व्यावसायिक कामात सरळ व बाकदार कात्र्या, केस विरळ करणारी दातेरी कात्री, हवेचा झोत सोडणारे यंत्र, उंची कमी-जास्त करता येणारे घसरणार नाही असे मेज आणि विजेचे कातरयंत्र वापरतात. कातरयंत्राच्या पात्यांना क्रमांक असून सामान्यपणे क्रमांक जितका मोठा, तितके केस आखूड राहतात. उदा., १० क्रमांकाचे पाते सु. १·५ मिमी., तर ४ क्रमांकाचे पाते सु. ९·५ मिमी. केस ठेवते. ४० क्रमांकाचे पाते शस्त्रक्रियेपूर्वी कातडी उघडी करण्यासाठी असून सर्वसाधारण कर्तनात ते वापरीत नाहीत.

पद्धती : (१) विंचरणे : कुरळ केसांचे कुत्रे रोज वा किमान एक दिवसाआड विंचरावे. पायापासून सुरुवात करून एका हाताने वरचे केस बाजूस धरावेत, त्वचेची रेघ दिसेल असा भांग पाडावा व थराथराने वर सरकत जावे. ब्रश झाल्यावर फणी त्वचेपासून टोकापर्यंत अडखळता फिरते का, हे पाहावे. जेथे ती अडते तेथे गाठ आहे. एकाच जागी जोराने ब्रश घासल्यास त्वचा सोलवटते. लहान गाठ बोटांनी मोकळी करून तिच्या टोकाकडून मुळाकडे सोडवीत न्यावी; त्या वेळी मुळाशी केस चिमटीत धरल्यास कातडीला ओढ बसत नाही.

मोठी जट सोडविण्याचा हट्ट धरू नये. ती तासन्‌तास ओढीत राहण्यापेक्षा केस आखूड कापून पुन्हा वाढविणे प्राण्याच्या हिताचे असते. जटेखाली कात्री घालून ती कापणे धोक्याचे आहे. पातळ कातडी जटेबरोबर वर उचलली जाते व केसांबरोबर कापली जाते. हे काम कातडी ताणून धरून कातरयंत्रानेच करावे. कानांच्या पाळीवरील घट्ट जट काढल्यावर कुत्रे जोराने डोके हलविते व पाळीत रक्त साचून फुगा येऊ शकतो. अशा वेळी, तसेच सर्वांगास जट झालेली असल्यास, पशुवैद्याकडून गुंगीचे औषध देऊन केस काढणे योग्य ठरते.

(२) स्नान व वाळविणे : विंचरणे आधी व स्नान नंतर, हा क्रम कधीही उलटू नये, पाण्याने गाठी आवळतात. तीन ते सहा आठवड्यांतून एकदा कोमट पाण्याने स्नान पुरते. कानांत पाणी जाऊ देऊ नये व शाम्पूचा अंश राहू देऊ नये. टॉवेलने चोळण्याऐवजी केस दाबून टिपावेत व ते पूर्ण वाळेपर्यंत विंचरत राहावे. आपोआप वाळलेले कुरळ केस पुन्हा वळतात व गुंततात. गरम हवेच्या यंत्रासमोर कुत्र्यास बंद पिंजऱ्यात एकटे सोडणे जिवावर बेतू शकते.

(३) कर्तन : सामान्यपणे चार ते आठ आठवड्यांनी केस कापावेत. प्रथम पोट, गुदद्वाराभोवतीचा भाग व पंजांच्या गाद्यांमधील केस काढतात. नंतर अंग, पाय, शेवटी डोके व चेहरा घेतात. यंत्र केसांच्या कलाने चालवावे. पाते तापते, म्हणून ते वेळोवेळी स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहावे. डोळ्यांजवळ कात्रीचे टोक डोळ्याच्या दिशेने कधीही नसावे. काखेतील व जांघेतील पातळ घड्या सर्वांत अधिक कापल्या जातात. प्रदर्शनासाठी पूडलच्या काही ठराविक कातरी मान्य असून घरगुती कुत्र्यास सर्वांगावर एकसारखी १ ते २ सेंमी. लांबी ठेवणारी कातर सोयीची असते.

(४) इतर निगा : डोळ्यांवर येणारे केस कापावेत व कोपऱ्यातील स्राव रोज ओल्या कापसाने पुसावा. पूडलच्या कर्णनलिकेत केस वाढतात. ते नियमितपणे उपटण्याची रीत पूर्वी सार्वत्रिक होती. निरोगी कानातील केस उपटल्याने दाह होऊ शकतो, म्हणून आता पशुवैद्य सरसकट तसे करण्याचा सल्ला देत नाहीत. कानास दुर्गंधी, लाली वा स्राव असल्यास ते उपचाराचे काम आहे. नखे थोडी थोडी कापावीत; नखातील रक्तवाहिनीपर्यंतचा भाग कापल्यास वेदना व रक्तस्राव होतो.

पिलास ही सवय लवकर लावावी. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सु. चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ नव्या अनुभवांचा स्वीकार करण्यास अनुकूल असतो. या काळात ब्रशचा स्पर्श, यंत्राचा आवाज व पंजा हातात धरणे यांची थोडी थोडी ओळख खाऊ देत करून द्यावी. पिलाचे मऊ केस जाऊन प्रौढ केस येतात त्या सुमारास, म्हणजे साधारणतः नऊ ते अठरा महिन्यांच्या वयात, गुंता सर्वाधिक होतो व पुष्कळ मालक याच वेळी कंटाळतात.

महाराष्ट्रातील परिस्थिती : महाराष्ट्रात या जातींपुढे उन्हाळा, रानातील गवत व गोचिडी अशा तीन अडचणी असतात. छत्रपती संभाजीनगरपासून (पूर्वीचे औरंगाबाद) सु. २५ किमी. अंतरावरील खुलताबादचा परिसर याचे चांगले उदाहरण होय. वेरूळच्या लेण्यांवरील डोंगराच्या पठारावर वसलेले हे गाव भद्रा मारुतीचे देवस्थान, सूफी संतांचे दर्गे व औरंगजेबाची कबर यांसाठी ज्ञात आहे. येथून म्हैसमाळकडे पसरलेले माळरान पावसाळ्यात हिरवे होते व शहरातील लोक तेथे फिरावयास येतात.

पावसाळा संपताच माळावरील गवत पिकते. त्यातील कुसळी गवत (हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस) कुरळ केसांच्या कुत्र्यास विशेष घातक असते. त्याच्या बीजाचे टोक सुईसारखे असून त्यावर मागे वळलेले राठ केस असतात. मागील लांब कुसळ कोरड्या हवेत पीळ घेते व ओलाव्यात तो पीळ सोडते. जमिनीत बी रुजविण्यासाठी असलेली ही योजना केसांत अडकल्यावर त्वचेत शिरण्याचे काम करते. मागे वळलेल्या केसांमुळे कुसळ पुढेच सरकते, परत येत नाही. बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकात वा पापणीखाली शिरलेले कुसळ सूज व पू निर्माण करते आणि कित्येकदा शस्त्रक्रियेनेच काढावे लागते. पंजा सारखा चाटणे, एका बाजूस डोके झुकवून हलविणे, एकाएकी जोराने शिंकू लागणे ही त्याची लक्षणे आहेत. आघाड्याची बोंडे व सराट्याचे काटेही असेच चिकटतात व प्रत्येक काटा एका नव्या गाठीचे केंद्र बनतो. म्हणून आश्विनापासून गवत झडून जाईपर्यंत पंजे व कान यांवरील केस आखूड ठेवावेत आणि माळावरून परतताच, घरात शिरण्यापूर्वी, बोटांची बेचकी, काखा, जांघा व कान यांची तपासणी करावी.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४०° से.च्या वर जाते. अशा वेळी कुत्र्याचे केस तासून काढले म्हणजे त्यास गारवा मिळेल, अशी समजूत आहे. ती अर्धवट खरी आहे. जटविरहित, आखूड कापलेल्या केसांतून हवा खेळते. परंतु त्वचा उघडी पडेपर्यंत केस काढल्यास कडक ऊन थेट तिच्यावर पडते व पांढऱ्या कुत्र्यांची त्वचा भाजते. घामाने थंड होणारे हे शरीर नसल्याने तासण्याने फारसा लाभही होत नाही. १ सेंमी.च्या आसपास केस ठेवणे, सावली, भरपूर पाणी व पहाटे वा सूर्यास्तानंतर फिरविणे हे उपाय अधिक परिणामकारक आहेत. कुत्र्याचे शरीराचे तापमान सामान्यतः ३८° ते ३९° से.च्या आसपास असते. ते ४१° से.पर्यंत चढणे हे उष्माघाताचे लक्षण असून तातडीच्या उपचारांची गरज असते.

कुत्र्यावरील तपकिरी गोचीड (ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस) राज्यात सर्वत्र आढळते. ती एर्लिकिया व बबेसिया या रक्तातील रोगकारकांचा प्रसार करते. दाट कुरळ केसांत ती दिसत नाही. रोजच्या विंचरण्यात त्वचेपर्यंत पोहोचणारी फणीच तिचा प्रथम शोध लावते. गोचिडीवर रॉकेल वा फिनेल लावण्याचा प्रघात अजून दिसतो. ही द्रव्ये त्वचा भाजतात, कुत्रे ती चाटते व विषबाधा होते. गोचीड चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढून काढावी आणि प्रतिबंधक औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने वापरावे.

ॲलर्जीविषयक समज : केस न गाळणाऱ्या कुत्र्यामुळे दमा वा ॲलर्जी होत नाही, अशा समजुतीने शहरांत या जाती घेतल्या जातात. ॲलर्जी निर्माण करणारी प्रथिने केसांत नसून मुख्यतः लाळ व त्वचेचा कोंडा यांत असतात. २०१२ मध्ये नेदर्लंड्समधील एका अभ्यासात अशा तथाकथित ‘ॲलर्जीमुक्त’ जातींच्या केसांवर या प्रथिनाचे प्रमाण इतर जातींपेक्षा कमी आढळले नाही. घरातील व्यक्तीस ॲलर्जी असल्यास निर्णयापूर्वी त्या कुत्र्याच्या सहवासात काही काळ घालवून पाहणे इष्ट. नंतर कुत्रे सोडून देण्याची वेळ आली, तर त्याची झळ कुत्र्यास बसते. विंचरणारे कोणी नसले म्हणजे काही आठवड्यांतच रस्त्यावर त्याच्या अंगाची जट होते.

कायदा व साहाय्य : प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार प्राणी बाळगणाऱ्याने त्याच्या सुस्थितीसाठी वाजवी उपाययोजना करणे व त्यास अनावश्यक वेदना होऊ न देणे हे कर्तव्य आहे. कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधी २०१७ मध्ये नियम करण्यात आले असून त्यांनुसार पैदास करणाऱ्यास राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. त्वचारोग, कानाचे विकार किंवा सर्वांगावरील जट यांवरील उपचारांसाठी मुंबईतील परळ येथे १८८६ मध्ये सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय, तेथीलच बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय व मराठवाड्यात परभणी येथील पशुवैद्यक महाविद्यालय (स्थापना १९७२) ही महत्त्वाची केंद्रे आहेत. केशकर्तनाचे काम करणाऱ्याने स्वतः रेबीजप्रतिबंधक लस टोचून घेतलेली असावी, प्रत्येक कुत्र्यानंतर साधने निर्जंतुक करावीत व त्वचेवर संशयास्पद काही दिसल्यास ते कातरून झाकण्याऐवजी मालकास दाखवावे.

कुरळ केसांचे लहान कुत्रे दहा ते पंधरा वर्षे जगते. या संपूर्ण काळात त्याचे केस वाढत राहतात आणि ते स्वतः ते कापू शकत नाही. म्हणून पिलू घरी आणण्यापूर्वी त्याच्या खाण्याच्या खर्चाबरोबर रोजच्या विंचरण्यास लागणारा वेळ व दर दीड-दोन महिन्यांच्या कर्तनाचा खर्च यांचा हिशेब करणे आवश्यक आहे. ज्यास तो परवडत नाही, त्याने आखूड केसांचे देशी कुत्रे पाळणे उभयतांच्या सुखाचे ठरते.